सामाजिक शास्त्रांचा शिक्षक व्हायचंय: चार वर्षांचं एकात्मिक बी.ए.-बी.एड. की आधी बी.ए., मग बी.एड.?

खडूफळा (धागाकर्ता)
भाची यंदा बारावी कला झाली. हायस्कूलवर इतिहास-भूगोल शिकवायचा तिचा निश्चय आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एनसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयटीईपी या एकात्मिक कोर्सला जा, म्हणजे बी.ए.-बी.एड. चार वर्षांत एकदमच उरकतं आणि एक वर्ष वाचतं. दुसऱ्या तटात मी एकटाच. माझं म्हणणं, तीन वर्षं मन लावून बी.ए. कर, मग सीईटी देऊन दोन वर्षांचं बी.एड.

कारण दहावीचा अभ्यासक्रम. इतिहासात आता नुसत्या लढाया आणि सनावळ्या नाहीत. इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, पर्यटन असले धडे आहेत. भूगोलात वर्षभर भारत आणि ब्राझीलची तुलना. वर राज्यशास्त्र. बहुतेक शाळांत हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. पदवीला ज्याने कधी एखादं अस्सल कागदपत्र वाचलं नाही, तो इतिहासलेखनावर काय बोलणार? पाठ टाचण कसं काढायचं ते बी.एड.ला शिकवतात. टाचणात भरायचं काय, ते बी.ए.तच कमवावं लागतं.

मधली सुट्टी
सर, साफ असहमत. विषय पक्का असला की शिकवता येतं, हा आपल्याकडचा जुना भ्रम आहे. एम.ए.ला विद्यापीठात पहिले आलेले लोक आठवी 'ब'च्या शेवटच्या तासाला घामाघूम झालेले मी पाहिलेत. आयटीईपीत विषय आणि अध्यापन पहिल्या वर्षापासून बरोबरीने चालतं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचे, मोठे 16 आठवडे येतात ते दुसऱ्या वर्षात. आपल्याला हे जमत नाही, हे पोराला कळतं तोवर पाचवं वर्ष लागलेलं असतं.

शिवाय तारखा बघा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. असेल. तुमच्या मार्गाने भाची बी.एड. होईपर्यंत 2030 मागे पडलेलं असेल.

खडूफळा
धोरणाचा तोच परिच्छेद पुढेही वाचा. ज्यांच्याकडे आधीच पदवी आहे त्यांच्यासाठी दोन वर्षांचं बी.एड. सुरू ठेवण्याची सोय त्यातच आहे. उगाच घाबरवू नका.

सातबारा
दोघंही पदवीवर भांडताय, भरतीचं कोणीच बोलत नाही. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर क्रमांक लागतो तो टेटच्या गुणांवर, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणीवर. 200 गुणांची परीक्षा, त्यात 120 अभियोग्यता, 80 बुद्धिमत्ता. इतिहास-भूगोलाला शून्य. तुम्ही अस्सल कागद वाचलेत की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर 2 लागतो, त्यात सामाजिक शास्त्रांना 150 पैकी 60 गुण आहेत, विषयाची काय ती कदर तेवढीच. (टीईटी टाळता येईल असं कोणाला वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल वाचा. नोकरीत असलेल्यांनाही सोडलेलं नाही.)

हे सगळं पार पडलं की तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला 2023 पासून मानधन महिना 18,000, त्याआधी 8,000 होतं. त्यामुळे कोर्स कुठलाही घ्या, कमी फी असलेला घ्या. कर्ज काढून खासगी बी.एड. करणाऱ्याचा हिशेब या पैशात बसत नाही.

नकाशावाली
सातबारादादांचं भरतीबद्दल बरोबर, पण 'कोर्स कुठलाही घ्या' हे चूक. केंद्रीय विद्यालयाच्या सामाजिक शास्त्राच्या टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) पदासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला लागतात, आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. इतिहास, मराठी वाङ्मय आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा काय सांगायचं कळत नाही. पहिल्या वर्षी विषय निवडताना त्यांना कोणी हे बोललेलंच नसतं. आयटीईपी असो की बी.ए., आधी विषयांची जोडी लिहून घ्या आणि मगच फी भरा.

आणि एक भांडण माझ्याकडून. सगळे इतिहासावर बोलतात, भूगोल वाऱ्यावर. ज्या कॉलेजात भूगोलाचं प्रात्यक्षिक धड होत नाही तिथे प्रवेश घेऊ नका. स्थलनिर्देशक नकाशावरच्या समोच्च रेषा वाचता न येणारा शिक्षक पुढे दहावीचा नकाशा मुलांकडून नुसता रंगवून घेतो.

एक आई
डी.एड. केलं तर नाही का चालणार? लवकर होतं.

सातबारा
ताई, ते पहिली ते पाचवीसाठी. तिला हायस्कूल हवंय. उलट बी.एड.वाले पहिली-पाचवीला चालत नाहीत, हेही ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाने सांगून टाकलंय.

मधली सुट्टी
फीचाच प्रश्न असेल तर भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था बघा. एनसीईआरटीची आहे आणि महाराष्ट्र तिच्याच विभागात येतो. एनसीईटी मराठीतूनही देता येते. मुलीला भोपाळला कसं पाठवायचं असं आता कोणी म्हणू नका, इंजिनिअरिंगसाठी चेन्नईला बरोबर पाठवता.

खडूफळा
भोपाळला पाठवायला माझी ना नाही. माझी हरकत वेगळी आहे. आयटीईपीत कुठल्या टप्प्याच्या वर्गांना शिकवायचं हेही ठरवून जायचं असतं. उद्या तिला ज्युनिअर कॉलेजवर जावंसं वाटलं तर? तिथे त्या विषयाचं एम.ए. लागतंच. बी.ए.ला विषयात मुरलेली मुलगी सहज एम.ए.कडे वळेल.

मधली सुट्टी
आयटीईपीवालीलाही एम.ए. करता येतंच की. अडवलंय कोणी?

नकाशावाली
खडूफळा सर, तुमच्या बाजूने एक मुद्दा देते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर बी.एड. एका वर्षात, असा एनसीटीईचा, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, 2025 चा मसुदा आहे. तसं झालं तर विषयाला पूर्ण चार वर्षं मिळतात आणि एकूण पाचच होतात.

सातबारा
मसुद्यावर पोरीची पाच वर्षं लावू नका. एनसीईटीचा अर्ज भरा आणि जवळच्या कॉलेजात इतिहास-भूगोल जोडीने मिळतात का, ते याच आठवड्यात विचारून या. तिथे भूगोल नसेल तर सरांचा अर्धा मुद्दा तिथेच गळतो.