अपयशाची कबुली नेमकी कशी द्यावी?

प्रश्न : हाती घेतलेले काम फसल्यावर काही जण ‘माझे चुकले’ एवढे म्हणून मोकळे होतात आणि पुढच्या वेळी तीच चूक करतात, काही जण मात्र महिनोन्महिने स्वतःला दोष देत राहतात. मग उपयोगी पडणारी कबुली कशी असते?

प्रतिसाद १ : ती नेमकी असते. रसायनशास्त्राचे २०१८ चे नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये आदल्या वर्षीचा एक शोधनिबंध मागे घेतला, कारण त्यातील निष्कर्ष पुन्हा प्रयोग करून मिळत नव्हते. तेव्हा कामाच्या गर्दीत आपण जबाबदारी नीट पार पाडली नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. ‘मी नालायकच आहे’ या वाक्यातून दुरुस्त करण्याजोगे काहीच हाती लागत नाही (आणि ऐकणाऱ्यालाच समजूत घालत बसावे लागते, ते वेगळे).

प्रतिसाद २ : सहमत, पण अर्नोल्ड यांना नोबेलचे कवच होते. नोकरी जाण्याची धास्ती असलेला माणूस गप्पच राहणार. अमेरिकेत वैमानिकांना आपल्या चुका कळवता याव्यात म्हणून नासा १९७६ पासून एक यंत्रणा चालवते. तेथे नाव गुप्त राहते आणि अनवधानाने घडलेला नियमभंग १० दिवसांत कळवल्यास सहसा दंडातून सूट मिळते.

प्रश्नकर्ता : आणि वरिष्ठच शिक्षा करणारे असतील तर?

प्रतिसाद २ : तर आधी घटनाक्रम लिहून काढावा आणि तो एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला दाखवावा.