मदत हवी आहे: जेवणाआधीचा तमाशा, तीन कुत्री आणि तीन तऱ्हा

तीन_शेपट्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे तीन कुत्री आहेत. लॅब्राडोर बंड्या, बीगल राणी आणि डॅशहुंड शेंगा (लांबी बघून ठेवलेलं नाव, शहाणपण बघून नाही). एरवी तिघंही बऱ्यापैकी माणसात आहेत. पण खाण्याच्या डब्याचं झाकण उघडलं की घराचं नाट्यगृह होतं.

बंड्याला 'बस' येतं, आणि बसलं की जेवण मिळतं हेही त्याला पक्कं माहीत आहे. पण पूर्ण बसायचा धीर नाही. त्यामुळे त्याचं बूड जमिनीपासून चार बोटं वर तरंगत असतं, मागचे पाय थरथरत असतात आणि शेपूट लादी पुसत असते. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळेच्या दोन तारा लोंबतात, त्या अगदी सारख्या लांबीच्या. एक तुटली की तो मान झटकतो आणि दुसरी माझ्या पायावर येते.

राणी आधी घशातल्या घशात 'हुं हुं' करते. मग नाक छताकडे, ओठांचा चंबू, आणि असा हेल काढते की ऐकणाऱ्याला वाटावं या घरात मुक्या जनावराचे हाल चाललेत. शेंगा या दोघांकडे ढुंकूनही बघत नाही. ती पायपुसणं खणते. दोन्ही पंजांनी, मन लावून. मग ते नाकाने उलटवते, खाली जेवण नाही हे बघून त्याच्यावर भुंकते आणि परत खणायला लागते.

आम्ही हसून लोटपोट होतो हे खरं. पण राणीचा भोंगा हल्ली आधीच वाजायला लागलाय. पूर्वी झाकणाच्या आवाजाला सुरू व्हायची, मग मी स्वयंपाकघराकडे वळले की, आता खुर्ची सरकली तरी सुरू. शेजारपाजारचे अजून काही बोललेले नाहीत, पण बघण्याची पद्धत बदललीय.

हे सगळं जातीवर जातं का? की आम्हीच लाडावून ठेवलंय? आणि राणीचा आवाज कमी करायचा कसा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. ज्यांच्याकडे वेगळ्या जातीची कुत्री आहेत त्यांनी त्यांची नाटकंही सांगा, म्हणजे आम्ही एकटे नाही एवढं तरी कळेल.

खवचट

मला तर प्रशिक्षण उत्तम चाललंय असं दिसतंय. राणीने हेल काढला की माणूस लगबगीने भांडं भरतो. खुर्ची सरकली की भरतो का हे ती आता तपासून बघतेय. हुशार विद्यार्थी मिळालेत तिला.

भुभुप्रेमी

एकटे अजिबात नाही आहात! आमच्याकडे बॉर्डर कॉली आहे. ती आवाज करत नाही, पण त्यापेक्षा आवाज केलेला परवडला. मान खाली, खांदे खाली, पुढचा एक पाय हवेत अर्धवट उचललेला, आणि नजर भांड्यावर. मेंढ्या वळवताना ही जात जशी नजर रोखते तशीच. भांडं डावीकडे नेलं की डोळे डावीकडे, पापणीसुद्धा लवत नाही. पाहुण्यांना वाटतं कुत्रं बिघडलंय.

त्याआधी बॉक्सर होता. तो पुढच्या पंजांनी बोलायचा. आधी हवेत, मग गुडघ्यावर, मग थेट पोटात. आणि भावाच्या गोल्डन रिट्रीव्हरला रिकामं भांडं तोंडात धरून घरभर फिरायची सवय आहे. धातूचं भांडं. तो ते देत कोणालाच नाही, नुसतं दाखवतो. उचलून आणणं ही त्या जातीची मूळ नोकरी, त्यामुळे तोंड रिकामं ठेवणं त्याला जमतच नसावं.

लोकरीचा_गोळा

पगवाले कुणी आहेत का इथे? आमचा पग घोरतो, शिंकतो, स्वतःभोवती गोल फिरतो आणि फिरता फिरता आपटतो. हे सगळं भांडं खाली ठेवायच्या आत. खायला लागला की आवाज आणखी वाढतो.

चष्मिष्ट

धागा आवडला. जातीच्या प्रश्नाचं उत्तर 'थोडं हो, पण वाटतं तेवढं नाही' असं आहे.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकही तपासले होते. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीमुळे समजावता येतो, असं त्यातून निघालं. म्हणजे 'बीगल आहे ना, मग असंच करणार' हे फार पुढे नेता येत नाही. माझ्या माहितीतला एक बीगल जेवणाआधी नुसता पाठ करून बसतो, रुसल्यासारखा. मात्र हेल काढणं हा राणीच्या जातीचा जुना गुण आहे हेही खरं. झुडपात शिरलेल्या शिकारी कुत्र्याचा ठावठिकाणा माणसाला लांबून कळावा म्हणून मोठ्या आवाजाचीच कुत्री पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. शेंगाचं खणणंही तसंच. बिळात शिरून बिज्जूला भिडण्यासाठी तयार केलेली जात ती, पायपुसणं म्हणजे तिला किरकोळ काम.

बंड्याची बाजू मात्र मी घेणार. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्राडोरमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला सापडला. साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये तो गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या साखळीत हा जनुक लागतो. त्याच गटाने २०२४ मध्ये पुढचं काम छापलं. त्यात नाश्ता झालेल्या लॅब्राडोरसमोर पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं, दिसतंय, वास येतोय, पण मिळत नाही. जनुकातला तो तुकडा गळालेली कुत्री त्या डब्याशी जास्त वेळ झटत राहिली. गंमत म्हणजे पोटभर खायला दिलं तेव्हा त्यांनी इतरांपेक्षा जास्त काही खाल्लं नाही. दोन जेवणांच्या मधे त्यांना भूक जास्त लागते, आणि वर विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतं. भूक जास्त आणि खर्च कमी, म्हणजे दुहेरी संकट. त्यामुळे बंड्याच्या डोळ्यांकडे बघून भांड्यात जास्तीचं टाकू नका, पण तो ढोंग करतोय असंही म्हणू नका.

खवचट

बंड्याला वकील मिळाला. राणीचं काय?

अनुताई

राणीचं मी सांगते. माझ्याकडे बरीच वर्षं निराधार कुत्री तात्पुरती राहायला येतात, त्यात बीगल आणि बीगलचे मिश्र भाऊबंद पुष्कळ.

आवाज आधी आधी सरकतोय याचं कारण सोपं आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न दिसायच्या आधी, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच लाळ सुटायला लागली होती. कुत्रं मालिका मागून पुढे शिकतं. भांड्याआधी झाकण, झाकणाआधी पावलं, पावलांआधी खुर्ची. तर ही साखळी तोडायची. दिवसातून अधूनमधून उगाच खुर्ची सरकवा आणि परत बसा. डबा उघडा, बंद करा, निघून जा. भांडं हातात घ्या आणि कपाटात ठेवा. पहिले काही दिवस घरात गोंधळ होईल. मग या आवाजांतली जादू उतरते.

दुसरं, जेवणाची वेळ मिनिटावर ठेवू नका. रोज ठरल्या ठोक्याला जेवण मिळालं की त्यांचं शरीरच त्या वेळेआधी तयार होऊन बसतं. थोडं मागेपुढे होऊ द्या.

तिसरं आणि मुख्य. हेल चालू असताना भांडं जमिनीकडे जायचं नाही. ती दम घ्यायला थांबते ना, त्या क्षणी भांडं खाली यायला लागलं पाहिजे. परत सुरू झाली की भांडं परत वर. 'गप्प', 'नाही', 'राणी, पुरे' असलं काही बोलू नका, तिच्या दृष्टीने तुम्ही सुरात सूर मिसळताय. सुरुवातीला आवाज वाढेल. नेहमीचं बटण चाललं नाही की आपणही ते जोरात दाबतो, तसं. तिथे हार मानून भांडं ठेवलंत तर तिला कळेल की अजून मोठ्याने ओरडायला हवं होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच पाळा. आजोबा-आजी असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, गळती तिथूनच होते.

तीन_शेपट्या

अनुताई, खूप आभार. गळती आमच्याकडे सासूबाई नाहीत, नवरा आहे.

एक अडचण. राणी गप्प झाली की नेमकी शेंगा भुंकते, आणि शेंगा थांबेपर्यंत राणीचा दम परत भरलेला असतो. मग मी भांडं धरून वरखाली करत उभी. कोणाला कशाचं बक्षीस मिळतंय हे मलाच कळत नाही.

अनुताई

तिघांना एकत्र शिकवूच नका. प्रत्येकाची जागा वेगळी, जमल्यास एकमेकांना दिसणार नाहीत अशी. शेंगाला आधी कामाला लावा. तिला खणायचंच आहे ना? जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्या करून खोक्यात भरा आणि कोरडं खाणं त्यात लपवा. पायपुसणं वाचेल आणि तुम्हाला राणीसाठी शांत वेळ मिळेल. राणीलाही निम्मं जेवण भांड्यात न देता खोलीत पसरून द्या. नाक खाणं शोधण्यात गुंतलं की हेल काढायला फारशी उसंत मिळत नाही.

बंड्याला मात्र खाचा असलेलं भांडं घ्या, ज्यात घशाखाली ओतता येत नाही. लोकरीचा_गोळा, पगसाठीही तेच. चपट्या तोंडामुळे आधीच श्वासाची मारामार, त्यात अधाशीपणाने हवाही गिळली जाते. पसरट, उथळ भांडं बघा.

रानवेडा

मला एक गोष्ट खटकते, स्पष्टच सांगतो. काही जण कुत्र्याच्या नाकासमोर भांडं ठेवतात आणि 'थांब' म्हणून लाळेचं तळं होईपर्यंत बसवतात. मग व्हिडिओ काढतात. दोन-तीन सेकंद थांबायला शिकवणं ठीक आहे. त्यापुढे ती शिस्त नव्हे, आपली करमणूक आहे. तसंच खाताना भांड्यात हात घालून 'बघा कसा गुरगुरत नाही' हे दाखवणं. कधी ना कधी गुरगुरेल. जवळून जाताना भांड्यात काहीतरी चविष्ट टाकून पुढे जा, म्हणजे माणूस जवळ आला की तोटा नाही, फायदा होतो हे त्याला कळतं.

चष्मिष्ट

रानवेडा, +१. गुरगुरला म्हणून रागावूही नये. ती पूर्वसूचना असते. सूचना बंद केली की पुढच्या वेळी थेट दात.

गुबगुबीत

आमच्याकडे ग्रेट डेन आहे. जेवणाआधी तो सोफ्याभोवती वेड्यासारखा धावतो, उशा उडतात. सगळे हसतात. यात काळजीचं काही?

डॉ_खूर_आणि_पंजा

(पशुवैद्य आहे, पण इथलं वाचून उपचार ठरवू नयेत.)

हो, तुमच्या बाबतीत थोडी काळजी घ्या. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो आणि ग्रेट डेन त्यात अगदी वर आहे. पळून झाल्यावर धाप शांत होऊ द्या, मगच जेवण, आणि जेवणानंतरही दांडगाई नको. एकाच मोठ्या जेवणाऐवजी दोन-तीन भाग करा. उंच स्टँडवर भांडं ठेवलेलं बरं असा समज आहे, पण २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात उंच भांडं आणि हा पिळा यांचा उलटाच संबंध दिसला होता. त्यामुळे पाठीच्या वगैरे कारणासाठी डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर भांडं जमिनीवर. पोट टम्म झालं, ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या चालल्यात, असं दिसलं तर रात्र आहे की सुट्टी आहे हे न बघता दवाखाना गाठा. यात तासांचा हिशेब असतो.

बाकीच्यांसाठी: नाटक नेहमीचं असेल तर हसा खुशाल. पण शहाणं कुत्रं अचानक भुकेने वेडं झालं, पाणी आणि लघवी वाढली, किंवा खाऊनही वाळत चाललं तर रक्त तपासा. मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त बनण्याचा आजार), जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचं पाचक रस न बनवणं, अशी कारणं निघतात. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भूक त्यांचीही असते. आणि गोल फिरणं जेवण झाल्यावरही थांबत नसेल, हाक मारूनही भान येत नसेल, विशेषतः बुल टेरियरमध्ये, तर ती गंमत समजू नका.

तीन_शेपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉवेलचं खोकं शेंगाला फारच आवडलं, आता ती जेवण संपल्यावरही त्यातच झोपते. खुर्चीचा प्रयोग चालू आहे. राणी खुर्चीला आता नुसता एक कान देते, झाकणाला मात्र अजून पूर्ण मैफल. बंड्याने खाचांचं भांडं उलटं करून सगळं जमिनीवरून खाल्लं. त्यावर उपाय?

अनुताई

तळाला रबर असलेलं जड भांडं घ्या. तेही उलटवलं तर जेवण सरळ जमिनीवर पसरा, त्याने स्वतःच पद्धत निवडलीय.

बर्फाळ

धागा वाचून असूया वाटली. आमची हस्की जेवणाआधी दहा मिनिटं 'वू-वू' करून वाद घालते, आणि भांडं ठेवलं की वास घेऊन निघून जाते. काय करू?

डॉ_खूर_आणि_पंजा

वजन टिकून आहे, खेळते, शी व्यवस्थित आहे? मग पंधरा-वीस मिनिटांनी भांडं उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत वरून काही घालू नका. हस्की मोजकंच खातात, आणि ती गेली की तुम्ही आणखी चविष्ट काही आणता का, याची ती वाट बघत असेल. पिल्लू असेल किंवा एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट न बघता दाखवा.