प्रतिसाद: घरपट्टीच्या नोंदींवरून घरांची गणना

वर एकांनी सुचवलंय की डेन्मार्कप्रमाणे सरकारी नोंदीच जोडून घरांची गणना करावी, प्रगणक दारोदार पाठवूच नयेत. डेन्मार्कने 1981 मध्ये आणि फिनलंडने 1990 मध्ये पूर्ण जनगणना नोंदींवरून केली, हे खरंच. पण तिथे प्रत्येक माणसाला क्रमांक होता, इमारतींची नोंदवही होती आणि पत्ता बदलला की कळवणं बंधनकारक होतं. म्हणून माणूस आणि घर यांची गाठ कागदावर पक्की बसत होती.

आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेमकी तीच गाठ सैल आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घर अजून आजोबांच्या नावावर. आत चार भावांच्या चार चुली, घरपट्टी मात्र एकच. दोन भाऊ मुंबईला, त्यांची रेशनकार्डं तिकडची; त्यांच्या खोल्या उघडतात त्या गणपतीला नि शिमग्याला. कागदावरून हे एक कुटुंब धरायचं की चार? आणि बंद खोल्या राहत्या धरायच्या का? 2001 ते 2011 मध्ये या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यामुळे इथे हा प्रश्न किरकोळ नाही.

तरी नोंदी वाया जाऊ देऊ नयेत असंच मला मनापासून वाटतं. नमुना 8 वरून घरांची यादी आधीच तयार करावी, वीजबिलातल्या युनिटांवरून वर्षातले बहुतेक महिने बंद असणारी घरं हेरावीत (गोठ्याचा किंवा पंपाचा मीटर वगळून), आणि प्रगणकाने ती यादी हातात घेऊन वाडीत जावं. चुली किती ते शेजारीच सांगतील.