चर्चा: सायकलने नर्मदा परिक्रमा करताना विश्रांतीचा दिवस स्थळे पाहण्यात घालवावा का?

धागाकर्ता

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे ओंकारेश्वराहून सायकलने नर्मदा परिक्रमेस निघालो. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, नदीच्या मुखाशी कठपोरहून सायकलींसह नावेने पलीकडच्या मिठी तलाईला आणि तेथून उत्तर तटाने पुन्हा पूर्वेकडे, असा नेहमीचा क्रम होता. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर चालवत बाराव्या दिवशी महेश्वरला पोहोचलो. तेरावा दिवस विश्रांतीचा होता आणि तो पुढीलप्रमाणे गेला: पहाटे घाट, मग किल्ला, राजवाडा, अहिल्येश्वर, विणकरांचे माग, जेवण उरकून भाड्याच्या गाडीने मांडू, तेथे जहाज महाल, होशंगशाहाची कबर, रूपमती मंडप, रात्री नऊला परत. चेन पुसायची राहिली, कपडे ओलेच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मंडलेश्वर मागे टाकून वीस किलोमीटर होत नाहीत तोच आमच्यापैकी एकाचा गुडघा धरला.

माझे मत स्पष्ट आहे. विश्रांतीच्या दिवशी झोपावे, खावे, सायकलीची निगा करावी आणि संध्याकाळी फार तर नदीकाठी बसावे. ज्यांना स्थळे पाहायची आहेत त्यांनी त्यासाठी वेगळे दिवस धरावेत, नाहीतर मोटारीने वेगळी सहल काढावी. एकाच दिवसाला दोन नावे दिली की दोन्ही कामे अर्धवट होतात.

निमाडकर

गुडघा महेश्वरने धरलेला नाही, मांडूने धरला आहे. महेश्वरहून मांडू चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, त्यात विंध्याचा घाट. बारा दिवस सतत फिरलेले पाय दोन्ही वेळा गाडीत दुमडून बसवायचे आणि मधल्या वेळात महालांचे जिने चढायचे, याला स्थलदर्शन न म्हणता शिक्षा म्हणावे. परंतु त्याचा राग आपण महेश्वरच्या नदीघाटावर काढत आहात, हे मला मान्य नाही.

सायकल चालवताना आपण काय पाहतो, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवून पाहावे. पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता आणि कानामागे वाजणारा ट्रक. परिक्रमा नदीची असली तरी सायकलवाल्याचा मार्ग डांबरी सडकेचा, म्हणजे कित्येकदा नदीपासून पुष्कळ आत असतो. पायी जाणाऱ्याला मैया जितकी दिसते तितकी आपल्याला दिसत नाही. मग १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे अहिल्याबाईंनी जेथून राज्यकारभार पाहिला त्या गावात पोहोचून खोलीत पाय वर करून पडून राहायचे असेल, तर सायकल इंदूरच्या बाह्यवळण रस्त्यावर चालवली तरी काय बिघडले? महेश्वरी साडीच्या काठावरची लहर आधी मागावर पाहावी आणि मग किल्ल्याच्या दगडात शोधावी. दीड तासात होणारे हे काम आहे आणि त्याने कोणाचाही गुडघा दुखत नाही. (फक्त क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, बूट घालून घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत. मी उतरलो आहे.)

शिवाय परिक्रमावासीयाला समुद्राखेरीज कोठेही प्रवाह ओलांडता येत नसल्याने नदीपात्रातल्या बाणेश्वराला नावेने जाण्याचा प्रश्नच येत नाही. पाहण्याची यादी नियमानेच छाटून दिलेली आहे.

चेनतेल

निमाडकरांची भाषा चांगली आहे, पण स्नायूंना इतिहास समजत नाही. रोज सहा-सात तास पेडल मारल्यावर स्नायूंतली साखर भरून यायला भरपेट जेवण आणि जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. त्यातच सीटमुळे सोलवटलेली कातडी असेल, तर उन्हात घामेजून फिरणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. तासभर सपाटीवर चालण्याला माझी हरकत नाही, उलट पाय मोकळे होतात. परंतु ‘दीड तासाचे काम’ म्हणून निघालेला माणूस दीड तासात परतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

उजवीकडे नदी

येथे सर्वजण तेराव्या दिवसाबद्दल बोलत आहेत. मला पहिल्या दिवसाबद्दल बोलायचे आहे. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघाल्यावर सनावदच्या पुढे रावेरखेडी लागते. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव तेथे वारले, त्यांची समाधी नदीकाठीच आहे. आमच्या गटाने ती पाहिली नाही, कारण पाय ताजे होते, पहिल्या मुक्कामाचा आकडा गाठायचा होता आणि ‘विश्रांतीच्या दिवशी पाहू’ असे कोणीतरी म्हणाले. विश्रांतीचा दिवस महेश्वरला आला तेव्हा आम्ही उत्तर तटावर होतो आणि समाधी पलीकडच्या काठावर. मध्ये नदी. पुलावरून जाणे म्हणजे परिक्रमा मोडणे. पुण्याहून निघालेली माणसे आम्ही, आणि बाजीरावांच्या समाधीला हात न लावता परत आलो.

तेव्हा विश्रांती घ्यावी की स्थळे पाहावीत, हा प्रश्नच मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. ‘दर सहा दिवसांनी एक सुट्टी’ असे कोष्टक घरी बसून आखले जाते, त्यामुळे पाहण्याजोगे गाव मधल्या दिवशी येते आणि सुट्टी भलत्याच ठिकाणी पडते. गावे पाहून सुट्ट्या ठरवाव्यात आणि एक मोठी सुट्टी ठेवण्याऐवजी तिचे तीन-चार अर्धे दिवस करावेत: सकाळी चाळीस किलोमीटर चालवावे, दुपारनंतर थांबावे. या परिक्रमेत मागे वळून पाहायला मिळत नाही, हे कोष्टक आखणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

धागाकर्ता

‘उजवीकडे नदी’ यांचा मुद्दा मला पटला आणि थोडा लागलाही, कारण रावेरखेडी आम्हीही अशीच सोडली होती. अर्ध्या दिवसांची सूचना पुढच्या खेपेस अमलात आणीन. तरीही एक पूर्ण दिवस सायकलीला हात न लावता जावा, यावर मी ठाम आहे. अर्धा दिवस म्हटला तरी सामान बांधणे, सोडणे आणि आश्रम शोधणे चुकत नाही, आणि दमणूक पुष्कळदा त्यातच होते. निमाडकरांना एवढेच विचारतो, की मांडू मग कधी पाहायचे? पाहूच नये काय?

निमाडकर

पाहावे, पण सायकलीवरून. मांडूचे रेवा कुंड परिक्रमावासीयांच्या परंपरेत आहेच, त्यामुळे ती वाट सोडून जाणे नव्हे. मनावर गावाकडून येताना थेट महेश्वर न गाठता सामानासह वर चढावे, रात्री वरच मुक्काम करावा, सकाळी हवा स्वच्छ असेल तर रूपमती मंडपातून खाली पांढऱ्या रेघेसारखी नर्मदा पाहावी आणि मग उतरून महेश्वरला यावे. चढ पायांना जड जाईल, पण तो चालवण्याच्या दिवसात मोजला जाईल. महेश्वरला पोहोचल्यावर चेनतेल यांना हवे तितके झोपू द्यावे. घाटावर मी एकटा जाईन.

चेनतेल

सामानासह तो चढ चढल्यावर घाटावर कोण जाते, ते पाहूच.