लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला पाळणाघराजवळ राहायला बंदी आहे का?

कोथरूडकर: आमच्या सोसायटीत पाळणाघर सुरू होतंय. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा गुन्हेगाराला शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत राहता येत नाही. आपल्याकडे तसा कायदा आहे का? भाडेकरूचं किंवा कामाला येणाऱ्या मावशींचं नाव कुठे तपासायचं?

शिवाजीनगर_वकील: अंतराचा कायदा नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २० सप्टेंबर २०१८ पासून एनसीआरबीकडे (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाकडे) आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. सोसायटीला नाही, शाळेलाही नाही.

जवळची तरतूद तडीपारीची: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५६. पुण्यात हा आदेश पोलीस उपायुक्त काढतात, मुदत जास्तीत जास्त २ वर्षं. नुसती जुनी शिक्षा दाखवून तो टिकत नाही. आजच्या वागण्यातून धोका दिसावा लागतो, साक्षीदार भीतीपोटी उघडपणे बोलत नाहीत हेही नोंदवावं लागतं. खटला चालू असेल तर जामिनाच्या अटीत ‘त्या परिसरात जाऊ नये’ हे घालून घ्या, ते लवकर होतं.

बालसुरक्षा_हडपसर: कामाच्या बाबतीत मात्र नियम स्पष्ट आहे. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) नियम २०२०, नियम ३: शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची, कंत्राटी माणसांचीही. चूक इथेच होते. शिक्षिकांची पडताळणी होते आणि व्हॅनचा ड्रायव्हर, बदली मावशी, सुरक्षारक्षक सुटतात. दुसरी चूक म्हणजे फक्त आताचा पत्ता देणं. चौकशी त्याच पोलीस ठाण्यात होते, आधीच्या गावची नोंद राहून जाते. म्हणून मागच्या सगळ्या पत्त्यांचं सहीनिशी घोषणापत्र घ्या, जुन्या मालकाला स्वतः फोन करा.

कोथरूडकर: भाडेकरूबद्दल नुसती कुजबुज असेल तर?

शिवाजीनगर_वकील: सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकू नका, बदनामीचा गुन्हा होतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, नोंद ते तपासतील. प्रत्यक्ष प्रकार कळला तर पॉक्सो कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली १ वर्षापर्यंत कैद.

अंतराच्या कायद्याचा आग्रहही धरू नये असं माझं मत. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये २००० फुटांची बंदी घातली. सॅन दिएगो काउंटीत पॅरोलवरच्या लोकांना घरंच मिळेनात, रस्त्यावर राहणाऱ्यांवर लक्ष ठेवणं कठीण झालं, आणि २०१५ मध्ये तिथली सरसकट अंमलबजावणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

बालसुरक्षा_हडपसर: त्यात मुलाला त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, त्याला फुटांचं अंतर अडवत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर दारावर मुलांना वाचता येईल इतक्या खाली लावा.