चर्चा: कॅसिनोत धूम्रपानाची मुभा असावी का?

मुठाकाठ (कोथरूड)

माझा भाचा पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर आहे, म्हणजे टेबलावर पत्ते वाटण्याचे काम करतो. दिवाळीत तो रात्रीच्या गाडीने पहाटे स्वारगेटला उतरला आणि घरी आल्यावर ताईने त्याचे धुऊन आणलेले शर्टसुद्धा पुन्हा साबणात भिजत घातले, कारण कॉलरच्या शिवणीत सिगारेटचा वास मुरलेला होता. तो स्वतः सिगारेट ओढत नाही. खेळणारा पत्ते पाहायला पुढे झुकतो आणि धूर सोडतो, त्या वेळी डीलरला तोंड फिरवता येत नाही, कारण चिप्सवरून, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्यांवरून, नजर हलवायची सोय नसते. टेबल सोडतानाही दोन्ही तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, मगच बाजूला होता येते. त्यामुळे धुराचा त्रास झाला म्हणून मध्येच उठून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम देशभर लागू आहेत. 30 खोल्यांचे हॉटेल, 30 आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ येथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. पण तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात आणि आपोआप मिटणारे दार हवे. 2017 च्या दुरुस्तीनंतर तर त्या जागेत कोणतीही सेवा देता येत नाही. पत्ते वाटणे ही सेवा नव्हे तर काय? ज्या टेबलावर माणूस कामाला उभा आहे त्या टेबलावर सिगारेट पेटता कामा नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

कर्वेनगरकर

आपल्या भाच्याविषयी सहानुभूती बाळगूनही मी असहमत आहे. कॅसिनोत जाणारा माणूस सज्ञान असतो, प्रवेशशुल्क भरून जातो आणि तिथे काय चालते हे त्याला ठाऊक असते. नोकरी धरणाऱ्यालाही ते ठाऊक असते. अमेरिकेतील नेवाडा राज्याने 2006 मध्ये बंदिस्त जागांतील धूम्रपानावर निर्बंध आणले, तेव्हाही कॅसिनोंच्या खेळाच्या दालनांना त्यांतून वगळले, कारण तिथल्या हजारो कुटुंबांची चूल त्या दालनांवर पेटते. महाराष्ट्रात तर कॅसिनो नाहीतच. कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा राज्याचा कायदा कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. म्हणून इथला खेळणारा थांबला का? कोणी गोव्याला जातो, कोणी पडदे ओढलेल्या फ्लॅटमध्ये पत्ते कुटत बसतो आणि तिथे धूर बाहेर जायला झरोकाही नसतो. उघड जागेतून माणसाला हुसकावले की तो अशाच जागी जाऊन बसतो. बंदीऐवजी उत्तम वायुवीजनाची सक्ती करावी, असे माझे मत आहे.

भोसरीचा यंत्रज्ञ

वातानुकूलनाची कामे करून मी पोट भरतो, म्हणून वायुवीजनाच्या मुद्द्यापुरतेच लिहितो. एक्झॉस्ट पंखे आणि डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे मोठे नळ, खोलीतली हवा बदलतात, परंतु नाकापासून हातभर अंतरावर उठलेला धूर डक्टपर्यंत पोहोचण्याआधीच श्वासात गेलेला असतो. हवेचे फेरे कितीही वाढवले तरी हे अंतर काही वाढत नाही. त्यातून जहाजाची छते बुटकी असतात आणि थंड केलेली हवा महाग पडते म्हणून तीच पुन्हा फिरवली जाते. वास कमी झाला की गिऱ्हाइकाला हवा स्वच्छ वाटते, सूक्ष्म कण मात्र तसेच राहतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी डॉक्टरचा, 2006 चा अहवाल हेच सांगतो की, दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे प्रमाणच नाही आणि वायुवीजनाने तो धोका संपत नाही. जो ओढत नाही पण घरी किंवा कामावर हा धूर घेतो, त्याच्या हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. यंत्र विकणाऱ्याने याहून मोठी हमी दिली तर ती लेखी मागा.

नारायण पेठ

मी वीस वर्षे सिगारेट ओढतो आहे आणि मला सरसकट बंदी नको आहे. मात्र माझ्या धुराची किंमत दुसऱ्याने मोजावी, हेही मला पटत नाही. कॅसिनोंसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनच्या मकाऊमध्ये 1 जानेवारी 2019 पासून कॅसिनोत फक्त मान्यता मिळालेल्या बंद कक्षांतच ओढता येते आणि त्या कक्षांत खेळाची टेबले नसतात. दोन डावांच्या मध्ये उठून तिथे जायला माझी काहीच हरकत नाही.

कर्वेनगरकर

हा मार्ग मला मान्य होण्यासारखा आहे, परंतु खर्चाचे काय? मोठ्या जहाजाला बंद कक्ष परवडेल, लहान कॅसिनोला परवडेल का? शिवाय ओढणारा गिऱ्हाईक उठून गेला की टेबल रिकामे राहते, टिप घटते आणि त्याचा फटका शेवटी डीलरच्याच खिशाला बसतो. त्याची काळजी करणाऱ्यांनी हेही धरून बोलावे.

मुठाकाठ (कोथरूड)

टिपेचा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. भाच्याचा निम्मा घरखर्च त्यातूनच भागतो. पण नोकरी स्वतः निवडली म्हणून धूरही निवडला, हे मला मान्य नाही. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, तेव्हा विचार हाच होता की, जो ओढत नाही त्याला केवळ त्या जागी जावे लागते म्हणून आजार का सोसावा लागावा. भाच्याला तर त्या जागी रोज दहा तास जावे लागते. धूर नसलेल्या टेबलांवर बदली मिळावी, असा अर्ज त्याने दिला होता. ती टेबले जुन्या लोकांसाठी आहेत, नव्यांनी आधी धुरातली ड्यूटी काढावी, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. लहान कॅसिनोला बंद कक्ष परवडत नसेल तर त्याने टेबलावरचे ॲश ट्रे उचलावेत आणि ओढणाऱ्याला डेकवर पाठवावे. त्याला एका पैशाचाही खर्च नाही.