पळसावर शिंजीर: चिनी रेघ आणि मुघल हाशिया एका चित्रात?

रेघोटी: ए-३ चित्र करतेय. पळसाची निष्पर्ण फांदी, तिच्यावर जांभळा शिंजीर (नर). फांदी-फुलं चिनी गोंगबी पद्धतीने, म्हणजे आधी शाईची बारीक रेघ, मग पातळ थर. भोवती मुघल हाशिया, म्हणजे सजवलेली कड. शुआन या पातळ चिनी कागदावर दुसऱ्याच थराला रेघ फुटते आणि तिसऱ्या थरानंतर पाकळीचा केशरी मातकट होतो. चूक कागदाची की रंगाची?

खळ_आणि_सरस: रेघेचा दोष बहुधा कागदाचा. पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरला तर कागद कच्चा (सरस-तुरटी न लावलेला), तसाच उभा राहिला तर पक्का (लावलेला). कच्च्यावर गोंगबी होत नाही. पक्का मिळत नसेल तर २०० मिली पाण्याला ३ ग्रॅम सरस, १ ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. तुरटी वेगळी विरघळवून शेवटी घाला. जास्त झाली तर कागदावर चकाकते कण दिसतात, रंग धरत नाही आणि कागद कालांतराने ठिसूळ होतो.

शाई कांडी घासून ताजीच करा. कालची शिळी शाई सुकली तरी पाण्याने सुटते.

कुंचलेवाला: केशरी आयता कालवू नका. आधी पिवळा, तो पूर्ण सुकल्यावर वरून पातळ लाल. हातात दोन कुंचले ठेवा: एकाने कडेला रंग लावायचा, दुसऱ्या ओल्या कुंचल्याने तो आत ओढत विरवायचा. एकाच जागी तिसऱ्यांदा फिरवलात की खालचा थर उठतो; मातकटपणा तिथूनच येतो. तीनेक थरांनंतर वरचंच सरस-तुरटीचं पाणी निम्मं पातळ करून एक हात द्या. चिनी चित्रकार म्हणतातच, तीनदा तुरटी, नऊदा रंग.

पाकळीची रेघ काळी नको, फिक्या गेरूची घ्या. काळा राखून ठेवा फुलाच्या मखमली देठकोषाला आणि पक्ष्याला. शिंजिराला सपाट काळा लावलात तर तो कावळ्याचं पिल्लू दिसेल. आधी करडी शाई, वर डोक्या-पाठीला पातळ निळा, गळ्याला जांभळा, पिसांच्या फटीत शाई दिसू द्या.

जदवल: खरी अडचण मांडणीची आहे. चिनी फांदी कडेतून आत शिरते आणि जागा मोकळी सोडते. मुघल चित्रकार मन्सूरचं फूल चौकटीत अख्खं उभं असतं. (जहांगिराने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ (युगातलं आश्चर्य) म्हटलं, १६२० च्या काश्मीर दौऱ्यात त्याने शंभरावर फुलं रंगवली.) दोन्ही मांडण्या एकत्र केल्यात तर चित्र कोंदटतं. मांडणी चिनीच ठेवा. फांदी हाशियाच्या आतल्या रेघेतून, जदवलीतून, आत येऊ द्या. चारी बाजूंनी ४ सेंमी हाशिया धरला तर आत २१.७ × ३४ सेंमी उरतात, तेवढ्यात पक्षी एकच.

हाशिया वेगळ्या वसलीवर (थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर) करा, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटा आणि चित्र नंतर पातळ खळीने चिकटवा. शुआनवर घोटाई केलीत तर तो फाटेल. हाशियात केशरी नको, फिक्या सोनेरीत लहान रोपटी पुरेत.

रेघोटी: थेंब दोन बोटं पसरला, कच्चाच आहे. सरस-तुरटी दोन्ही बाजूंना लावायची का?

खळ_आणि_सरस: एकाच. रुंद चपट्या कुंचल्याने, पट्ट्यांमध्ये फट न ठेवता. राहिलेली फट रंग लावताना डागासारखी उठते.